अक्षांश आकाशात दिसतो, रेखांश घड्याळात

सातवीतल्या मुलीचा भूगोल घेताना एका पालकाला पडलेले हे प्रश्न आहेत. पृथ्वीगोलावर आडव्या रेषा सारख्या अंतरावर असतात, उभ्या मात्र वर आणि खाली एकत्र येतात, असं का? अक्षांश ९० ला थांबतात, मग रेखांश १८० पर्यंत कसे जातात? शून्य रेखांश लंडनजवळच का? आणि मोबाईलवर पुण्याचा आकडा १८.५२ दिसतो, पुस्तकात १८°३१′, तर यातला खरा कोणता?

माझं आयुष्य मोजणी आणि नकाशांच्या कामात गेलं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. शाळेत या दोन्ही रेषा एकाच धड्यात, एकाच दमात शिकवतात, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. त्या एका जातीच्या नाहीतच. अक्षांश निसर्गाने दिलेला आहे, रेखांश माणसांनी आपसांत ठरवलेला. एवढं पक्कं झालं की बाकीचं पाठ करावं लागत नाही.

पृथ्वी स्वतःभोवती फिरते. फिरणाऱ्या गोलावर दोनच बिंदू जागच्या जागी राहतात, ते ध्रुव. दोन्ही ध्रुवांपासून बरोबर मध्यावर जे वर्तुळ येतं ते विषुववृत्त. हे कुणी ठरवलेलं नाही. माणूस जन्माला आला नसता तरी विषुववृत्त तिथेच असतं. अक्षांश म्हणजे या विषुववृत्तापासून तुम्ही उत्तरेला किंवा दक्षिणेला किती कोनातून सरकलात ते. कोन मोजायचा पृथ्वीच्या केंद्राशी. विषुववृत्तापासून ध्रुवापर्यंत पाव फेरा होतो, म्हणून ९०. त्यापुढे गेलात तर पलीकडच्या बाजूने खाली उतरायला लागता आणि आकडा पुन्हा कमी होतो. ९१ अंश अक्षांश नावाची जागाच नाही.

रेखावृत्तांचं तसं नाही. कलिंगडाच्या देठापासून खालच्या टोकापर्यंत जसे पट्टे जातात, तशी ही अर्धवर्तुळं एका ध्रुवापासून दुसऱ्यापर्यंत जातात. सगळी सारख्या लांबीची, आणि एकातही असं काही नाही की ते पहिलं मानावं. कुठून तरी मोजायला सुरुवात करावी लागते. तिथून पूर्वेला अर्धा फेरा, पश्चिमेला अर्धा फेरा, आणि दोघे पलीकडे १८० वर भेटतात. उभ्या रेषा ध्रुवांशी एकत्र येतात कारण त्या तिथूनच निघालेल्या असतात. आडव्या रेषा एकमेकींना समांतर असल्याने कधीच भेटत नाहीत, फक्त ध्रुवाकडे जाताना त्यांची वर्तुळं लहान लहान होत जातात.

स्पर्धा परीक्षांमध्ये ‘एकूण अक्षवृत्ते १८१, रेखावृत्ते ३६०’ असं पाठ करून घेतात. एकेका अंशाने रेषा काढल्या तर हा हिशोब बरोबर येतो: वर ९०, खाली ९०, मध्ये विषुववृत्त. पूर्व १८० आणि पश्चिम १८० ही एकच रेषा, म्हणून ३६१ होत नाहीत. पण अर्ध्या अंशाने काढल्या तर आकडे बदलतील. रेषा किती, हा प्रश्नच मला कधी कळला नाही. हव्या तितक्या काढता येतात.

आता अंतराचं. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, मग तुम्ही गोव्यात असा की काश्मीरमध्ये. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी असल्यामुळे विषुववृत्ताजवळ ११०.६ आणि ध्रुवाजवळ १११.७ इतका फरक पडतो, तो शाळेपुरता सोडून द्या. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११ किलोमीटर, पुण्याच्या अक्षांशावर साधारण १०५ आणि श्रीनगरला ९२ च्या आसपास. ध्रुवावर शून्य. हिशोब सोपा आहे: १११ ला त्या जागेच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणायचं.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा जुना १:५०,००० चा टोपोशीट (जमिनीवरचे तपशील दाखवणारा नकाशा) मिळवा. पुण्याचा शीट ४७ एफ/१४ या क्रमांकाचा आहे. तो १८°३०′ ते १८°४५′ उत्तर आणि ७३°४५′ ते ७४°०′ पूर्व एवढा भाग दाखवतो, म्हणजे दोन्ही दिशांना बरोबर पंधरा-पंधरा मिनिटं. (एका अंशाची साठ मिनिटं होतात, ही कोनाची मिनिटं, घड्याळाची नव्हेत.) तेव्हा चौकट चौरस यायला हवी. पट्टी लावून बघा: उंची साधारण ५५.३ सेंटिमीटर, रुंदी ५२.८. श्रीनगरच्या बाजूचा शीट घेतलात तर उंची जवळपास तेवढीच, पण रुंदी जेमतेम ४६. मिनिटं पंधराच, कागद मात्र अरुंद. इतकंच काय, पुण्याच्या त्याच शीटची वरची कड खालच्या कडेपेक्षा पाऊण मिलिमीटरने आखूड असते, कारण वरची कड ध्रुवाच्या दिशेने थोडी पुढे आहे. हे मोजायला जाल तेव्हा कागद कोरडा हवा. पावसाळ्यात कागद ओल धरून फुगतो आणि तेवढ्यात हा फरक हरवून जातो.

जहाजांच्या चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, अंतर मोजताना कंपासची टोकं नेहमी बाजूच्या उभ्या कडेवर, म्हणजे अक्षांशाच्या पट्टीवर लावतात, वरच्या किंवा खालच्या कडेवर कधीच नाही. त्याचं कारण हेच. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, १८५२ मीटर. रेखांशाच्या मिनिटाचा असा भरवसा देता येत नाही.

एक अंश नेमका किती लांब, हे आपल्याकडे कसं मोजलं गेलं त्याचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा (त्रिकोणाची जमिनीवर प्रत्यक्ष मोजलेली पहिली बाजू) मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं. मग कन्याकुमारीकडून उत्तरेकडे, साधारण ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या बाजूने, त्रिकोणांची माळ विणत नेली. जमिनीवरचं अंतर त्रिकोणांतून काढायचं, दोन्ही टोकांचे अक्षांश ताऱ्यांवरून काढायचे आणि भागाकार करायचा. हे काम नागपूरच्या दिशेने सरकत असताना जानेवारी १८२३ मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला लॅम्बटन वारला. त्याची कबर तिथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ती माळ हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. शिखराच्या नावामुळे एव्हरेस्ट सगळ्यांना ठाऊक असतो, हिंगणघाटच्या लोकांनाही लॅम्बटन फारसा ठाऊक नसतो.

‘अक्षांश ताऱ्यांवरून काढायचे’ असं वर सहज लिहून गेलो. ते खरोखरच इतकं सहज आहे. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, तितका तुमचा अक्षांश. तारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही, पाऊण अंशाच्या आतबाहेर आहे, पण घरच्या प्रयोगाला चालतं. हात ताठ करून मूठ समोर धरली की ती साधारण दहा अंश झाकते. पुण्यात ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर दिसतो, श्रीनगरला साडेतीन मुठींच्या आसपास आणि कन्याकुमारीला एक मूठही पुरती भरत नाही. अरबी खलाशी यासाठी ‘कमाल’ वापरत. एक लहान फळी, तिच्या मधल्या भोकातून ओवलेली गाठींची दोरी. दोरी दातात धरून फळी पुढे करायची, खालची कड क्षितिजाला लावायची आणि वरच्या कडेला ध्रुवतारा टेकतो का बघायचं. एकेका बंदराची गाठ ठरलेली. त्या बंदराच्या अक्षांशावर पोहोचेपर्यंत उत्तर-दक्षिण जायचं, मग तोच अक्षांश धरून किनारा लागेपर्यंत सरळ पूर्वेला किंवा पश्चिमेला. आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे त्यांना कळत नसे, आणि कळायची गरजही पडू नये अशी ही युक्ती होती.

दिवसा हेच काम सूर्य करतो. २१ मार्चच्या सुमाराला सूर्य विषुववृत्तावर असतो. त्या दिवशी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी करा आणि दिवसातली सर्वांत आखूड सावली मोजा. पुण्यात ती साडेतेहतीस सेंटिमीटरच्या आसपास येईल, आणि सावली भागिले काठी याच्यावरून कोन काढला की साडेअठरा. आपले सिद्धांतकार, म्हणजे जुने खगोलगणिती, बारा अंगुळांचा शंकू (उभी खुंटी) रोवून हेच करत. विषुवदिनाच्या मध्यान्हीच्या त्या सावलीला ते पलभा म्हणत, आणि गावाचा अक्षांश पलभेच्या रूपातच सांगितला जाई. पुण्याची पलभा चार अंगुळं, उज्जैनची पाचाहून थोडी जास्त. अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे आपल्याकडे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमाराला, नागपुरात २६ मेच्या आसपास. सूर्य उत्तरेकडे चढत असतो, आणि ही तारीख म्हणजे त्या गावाचा अक्षांशच. दिल्लीकराला हे कधीच बघायला मिळत नाही.

रेखांशासाठी आकाशात अशी एकही ठरलेली खूण नाही. मुंबईला दिसणारं आकाश जवळपास तसंच कोलकात्यालाही दिसतं, फक्त आधी. हा ‘आधी’ किती, तोच रेखांश. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५, आणि एका अंशाला चार मिनिटं. महाराष्ट्र ७२°३६′ पासून ८०°५४′ पूर्वेपर्यंत पसरला आहे, म्हणजे सव्वाआठ अंशांहून थोडा जास्त. त्यामुळे राज्याच्या पूर्व टोकाला सूर्य पालघरच्या किनाऱ्याच्या तेहतीस मिनिटं आधी माथ्यावर येतो. घड्याळं मात्र दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, कारण आपण सगळे ८२°३०′ पूर्व या मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेखावृत्ताची वेळ पाळतो.

पूर्वी असं नव्हतं. मुंबईची स्वतःची वेळ होती, लंडनजवळच्या ग्रीनिचच्या, म्हणजे शून्य रेखांशाच्या, ४ तास ५१ मिनिटं पुढे. मुंबईचा रेखांश ७२°५०′ घ्या, चारने गुणा, २९१ मिनिटं येतात. तेवढेच हे ४ तास ५१. कलकत्त्याची वेळ वेगळी, रेल्वे मद्रासच्या वेळेवर. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली तरी मुंबईने आपली ३९ मिनिटं मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. शहर हट्टाला पेटलं होतं हे खरं, पण सूर्याच्या हिशोबाने त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

रेखांशाचं हेच कोडं समुद्रावर जिवावर बेतत असे. निघालेल्या बंदराची वेळ दाखवणारं घड्याळ जहाजावर नीट चाललं, तर इथली मध्यान्ह आणि तिथली वेळ यांतल्या फरकावरून रेखांश मिळतो. पण लंबकाचं घड्याळ हेलकाव्यांत टिकत नाही. घड्याळाची एका मिनिटाची चूक म्हणजे पाव अंश, आपल्या अक्षांशावर २६ किलोमीटर. ब्रिटिश संसदेने १७१४ मध्ये यासाठी २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस जाहीर केलं, आणि जॉन हॅरिसन या सुताराच्या मुलाने ते काम करून दाखवलं. त्याचं चौथं घड्याळ, आकाराने मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं, १७६१ मध्ये जमेकाला निघालं. प्रवासात त्याची चूक मोजक्या सेकंदांची निघाली. बक्षिसाचे पैसे मिळवायला मात्र हॅरिसनला म्हातारपणापर्यंत भांडावं लागलं.

आता ग्रीनिच. शून्य कुठेही धरता येतं म्हटल्यावर प्रत्येकाने आपापलं धरलं. आपल्या ज्योतिषगणितात मध्यरेषा विषुववृत्तावरच्या लंकेपासून उज्जैन, कुरुक्षेत्र अशी मेरूकडे, म्हणजे उत्तर ध्रुवाकडे, जाते. ती आजच्या हिशोबाने पावणेशहात्तर अंश पूर्वेच्या आसपास येते. गाव या रेषेच्या पूर्वेला की पश्चिमेला यावरून पंचांगकर्ते दुरुस्ती करत. फ्रेंचांचं शून्य पॅरिसला होतं. ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टनला पंचवीस देशांची परिषद भरली आणि बावीस मतांनी ग्रीनिच ठरलं. त्यात शास्त्र काही नव्हतं. जगातली बहुतेक जहाजं आधीच ब्रिटिश चार्ट वापरत होती, आणि कुणाचंच सामान बदलावं लागू नये अशी ती सोय होती. फ्रान्सने मत दिलं नाही आणि १९११ पर्यंत पॅरिसचीच वेळ चालवली. साम्राज्यामुळे ग्रीनिच लादलं गेलं अशी तक्रार ऐकू येते, ती खोटी नाही. पण उज्जैन ठरलं असतं तरी पृथ्वीच्या दृष्टीने फरक शून्य.

एक गंमत. ग्रीनिचच्या वेधशाळेत जमिनीत बसवलेल्या पितळी पट्टीवर उभं राहून मोबाईल बघितला तर शून्य येत नाही. मोबाईलचं शून्य तिथून १०२ मीटर पूर्वेला, बागेत आहे. जुन्या दुर्बिणीची उभी दिशा तिथल्या गुरुत्वाकर्षणावरून ठरवलेली होती, आणि तो ओळंबा नेमका पृथ्वीच्या केंद्राकडे जात नाही. उपग्रह मोजतात ते केंद्रापासून. माणसांनी ठरवलेलं शून्य माणसांनीच सरकवलं, एवढाच त्याचा अर्थ.

मुलीसोबत करायचा प्रयोग मी २५ डिसेंबरला सुचवेन. वर्षात चारच दिवस असे असतात की सूर्याची वेळ आणि घड्याळाची सरासरी वेळ जुळते, आणि त्यातला हा एक. शिवाय थंडीत सावली लांब पडते आणि शाळेला सुट्टी असते. सपाट अंगणात काठी ओळंब्यात उभी करा. सकाळी साडेदहाला सावलीच्या टोकावर खूण करा, काठीच्या बुडाला दोरी लावून त्या टोकातून जाणारं वर्तुळ काढा, आणि दुपारी सावलीचं टोक पुन्हा वर्तुळाला कधी टेकतं त्याची वेळ टिपा. सर्वांत आखूड सावलीची वाट बघत बसू नका. मध्यान्हीच्या आसपास सावली इतकी हळू बदलते की नेमका क्षण सापडत नाही. समजा पुण्यात दुपारी २.४० ला टेकली. साडेदहा आणि २.४० यांचा मध्य १२.३५. म्हणजे सूर्य प्रमाणवेळेच्या रेखावृत्तानंतर ३५ मिनिटांनी तुमच्या डोक्यावरून गेला. ३५ भागिले ४, पावणेनऊ अंश. साडेब्याऐंशीतून वजा केले की ७३.७५. पुण्याचा खरा रेखांश ७३.८५ च्या आसपास आहे. एक काठी आणि दोरी यांच्या मानाने हे उत्तम. वर्तुळावरच्या त्या दोन खुणा जोडल्यात तर अंगणात नेमकी पूर्व-पश्चिम रेषाही मिळते.

शेवटचा प्रश्न मोबाईलच्या आकड्यांचा. १८.५२ आणि १८°३१′ एकच आहेत. दशांशातला .५२ साठने गुणला की ३१ मिनिटं येतात. गफलत होते ती १८.५२ ला ‘अठरा अंश बावन्न मिनिटं’ वाचल्याने. तसं वाचलं की पुणे ३९ किलोमीटर उत्तरेला, थेट राजगुरुनगरच्या आसपास जाऊन बसतं. रेखांश ७३.८६ असेल तर चूक लगेच पकडता येते, कारण ८६ मिनिटं असूच शकत नाहीत. आकडा साठच्या आतला असला की मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. ट्रेकला गेलेल्यांनी मदतीसाठी आकडे कळवताना अंशाचं चिन्ह आणि ‘उत्तर’, ‘पूर्व’ हे शब्द न विसरता लिहावेत.

क्रमही सांभाळायचा. बोलताना आणि लिहिताना आधी अक्षांश, मग रेखांश. पण नकाशांची काही सॉफ्टवेअर आधी रेखांश मागतात, आणि अदलाबदल झाली की पुणे नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंड नावाच्या बेटाजवळच्या गार समुद्रात जातं. गुवाहाटीच्या बाबतीत अशी चूक झाली तर सॉफ्टवेअर तिथेच अडतं, कारण ९१ अंश अक्षांश नसतो. महाराष्ट्रातले रेखांश नव्वदच्या आत असल्याने ते मुकाट्याने स्वीकारले जातात. शेताच्या चारही कोपऱ्यांचे आकडे एकदम समुद्रात गेलेले मी पाहिले आहेत.

दशांशानंतर किती आकडे घ्यायचे? पाचवा आकडा म्हणजे साधारण एक मीटर, सहावा म्हणजे अकरा सेंटिमीटर. मोकळ्या आभाळाखाली मोबाईल तीन ते पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, म्हणून पाचव्याच्या पुढचे आकडे नुसती शोभा. बांधाचा वाद असेल तर त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात. आणि जुन्या टोपोशीटवरून काढलेले अक्षांश-रेखांश तसेच्या तसे मोबाईलमध्ये घालू नका. ते शीट एव्हरेस्टच्या काळात ठरवलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत, मोबाईल उपग्रहांसाठी ठरवलेल्या आकारावर. त्याच दगडाचे दोन आकडे येतात आणि त्यांत शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो. रूपांतर करणारी सोय बहुतेक नकाशा-सॉफ्टवेअरमध्ये असते, पण शीट पृथ्वीच्या कोणत्या आकारावर बेतलेला आहे ते आधी त्याच्या समासात वाचून घ्यावं लागतं.